ओईआयएस, संख्यामालांचा ऑनलाइन कोश: १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येचं नाव मला जिथे सापडलं

जूनमध्ये क्लास सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. आठवीतल्या एका मुलाने वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाला, "टीचर, एक नऊ वेळा लिहून त्याचा वर्ग केला ना, की मध्ये दोन नऊ येतात."

मी डोंबिवली पूर्वेला राहते. घरातल्याच हॉलमध्ये आठवी ते दहावीच्या गणिताचा क्लास घेते, बारा मुलांच्या वर एका वेळी घेत नाही. हा वर्गांचा मनोरा मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, पोरांना आवडतो म्हणून. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा १२३४३२१. एक पायरी चढली की मधला अंक एकाने वाढतो आणि दोन्ही बाजू आरशासारख्या उतरत जातात. नऊ एकांपर्यंत गेलं की येतं १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, मधोमध एकच नऊ.

त्याने मात्र वहीत १२३४५६७८९९ एवढंच लिहून पुढे टिंबं दिली होती. त्याच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर आलं होतं १.२३४५६७८९९ आणि पुढे दहाचा सोळावा घात. कॅल्क्युलेटरने दहा अंक दाखवले आणि शेवटचा अंक जवळच्या पूर्णांकात नेला. ८ च्या पुढे ७ होता म्हणून ८ चा ९ झाला, आणि दोन नऊ शेजारी शेजारी आले. पोराने जे दिसलं ते प्रामाणिकपणे उतरवलं होतं. माझ्या टेबलावरच्या बारा अंकी कॅल्क्युलेटरने कोपऱ्यात नुसता 'ई', म्हणजे एरर, दाखवला. मग मी लॅपटॉपवर स्प्रेडशीट उघडलं. तिथे आलं १२३४५६७८९८७६५४३००. शेवटचे दोन अंक गेले, त्यांच्या जागी दोन शून्यं. स्प्रेडशीट पंधरा अंकांपर्यंतच खरं बोलतं, त्यापुढे शून्य भरतं. ज्याला हे माहीत नाही त्याला तो आकडा अगदी खरा वाटतो, कारण 'ई' सारखी काही सूचनासुद्धा येत नाही. मला सगळ्यात धोक्याचं हेच वाटलं. विषम संख्येचा वर्ग विषमच यायला हवा, आणि समोर शेवटी शून्य! हे त्या मुलाच्याच लक्षात आलं, मला आधी दिसलं नव्हतं.

म्हणून आम्ही चौकटीची वही घेतली. नऊ ओळी, प्रत्येक ओळीत नऊ एक, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे. गुणाकाराची आपली नेहमीचीच मांडणी, फक्त सगळे अंक एकच. आता उभ्या रांगा मोजायच्या. उजवीकडून पहिल्या रांगेत एक एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन, मधल्या रांगेत नऊ, आणि मग पुन्हा आठ, सात, सहा. कुठेच हातचा नाही. हातचा नाही म्हणून तर आरसा इतका स्वच्छ आहे.

"मग दहा एक घेतले तर?" हा प्रश्न येणारच होता. इतकी वर्षं मी मुलांना सांगत आले की नऊनंतर गंमत संपते. त्या दिवशीही तेच म्हणाले. पण त्याने वहीचं पान उलटून दहा ओळी मांडल्या. मधल्या रांगेत दहा आले: शून्य मांडलं, हातचा एक. पुढच्या रांगेत नऊ आणि एक दहा: पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्यापुढच्या रांगेत आठ आणि एक नऊ, आणि हातचा तिथेच संपला. उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या बाजूला सातानंतर एकदम नऊ. आठ कुठे गेला? गेला कुठेच नाही, हातचा घेऊन त्याचाच नऊ झाला. मुलाने त्या घराभोवती लाल पेनने गोल काढला.

आता ही संख्या बरोबर आहे का, हे तपासायचं कुठे? घरातलं एकही यंत्र एकोणीस अंक नीट दाखवेना. तेव्हा मी ओईआयएस उघडलं. या लेखाचं निमित्त तेच.

ओईआयएस म्हणजे ऑनलाइन एन्सायक्लोपीडिया ऑफ इंटिजर सीक्वेन्सेस, पूर्णांकांच्या मालांचा कोश. पत्ता ओईआयएस डॉट ओआरजी. पैसे लागत नाहीत, शोधण्यासाठी खातं उघडावं लागत नाही, पानावर जाहिराती नाहीत. वर एक शोधखिडकी. तिच्यात आपल्या मालेतल्या चार-पाच संख्या स्वल्पविराम देऊन टाकायच्या आणि शोधायचं. आम्ही १, १२१, १२३२१, १२३४३२१ टाकलं. नोंद आली: ए००२४७७. दहावी संख्या यादीत होती आणि वहीतल्या उत्तराशी अंकाला अंक जुळत होती. मुलाने वही उंच धरली, बाकीची पोरं वाकून बघायला लागली.

पण मी बघत राहिले ते नोंदीच्या शीर्षकाकडे. वंडरफुल डेमलो नंबर्स. डेमलो म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. कुणा युरोपियन गणितज्ञाचं आडनाव असेल असं वाटलं. नोंदीखालच्या संदर्भात मात्र आपल्याकडचे गणिती दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचं नाव होतं. पुढे दुव्यांवरून वाचत गेले तेव्हा कळलं, डेमलो हे रेल्वे स्टेशन आहे. मुंबईपासून तीस मैलांवर, तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवर, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेवर. या संख्यांचा विचार कापरेकरांना तिथे सुचला म्हणून त्यांनी संख्यांना स्टेशनचंच नाव दिलं. आणि ते स्टेशन म्हणजे डोंबिवली.

मी खरंच थोडा वेळ काही बोलले नाही. मुलांना सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. "आपलं डोंबिवली? फास्ट लोकल थांबते ते?" हो, तेच. ज्या स्टेशनावरून यांच्या घरची माणसं रोज सकाळी गाडी पकडतात, त्याचं नाव १९३८ सालच्या गणिताच्या नियतकालिकातल्या लेखात छापलं गेलं आणि आज जगात कुणीही १, १२१, १२३२१ टाकलं की समोर येतं. इतकी वर्षं मी या गावात गणित शिकवते आहे आणि मला हे एका शोधखिडकीने सांगितलं. आमच्या गावात याची एक पाटी तरी हवी, असं मला फार मनापासून वाटतं.

कापरेकरांबद्दल ६१७४ या त्यांच्या नावाच्या स्थिरांकापलीकडे बऱ्याच जणांना माहिती नसते. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्यात फर्ग्युसन. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. पदव्युत्तर पदवी नव्हती. १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत मास्तर होते, आणि शाळा सांभाळून आयुष्यभर संख्यांच्या मागे राहिले. १९७५ मध्ये गणिताच्या गमतींवर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा बाहेरच्या जगाला ते ठाऊक झाले. १९८६ मध्ये गेले. शाळामास्तराने लावलेली नावं आज या कोशात जागोजाग आहेत, हे मी क्लासच्या पोरांना दर वर्षी सांगणार आहे.

त्यांची डेमलोची व्याख्या साधी आहे. संख्येचे तीन तुकडे करायचे. डावा आणि उजवा तुकडा मिळवला की एकाच अंकाची रांग यायला हवी, आणि मधल्या तुकड्यातही तोच अंक हवा. १६५ घ्या: १ आणि ५ मिळून ६, मध्ये ६. २५५३ घ्या: २ आणि ३ मिळून ५, मध्ये पाचच. आता आपली सतरा अंकी संख्या. डावीकडे १२३४५६७८, मध्ये ९, उजवीकडे ८७६५४३२१. डावा आणि उजवा मिळवले की ९९९९९९९९. आठही जागी नऊ, आणि मध्येही नऊ.

हे वाचल्यावर मी दहा एकांच्या त्या "बिघडलेल्या" वर्गाकडे परत गेले, आणि माझं इतक्या वर्षांचं वाक्य खोडलं गेलं. १२३४५६७९००९८७६५४३२१ चे उजवीकडचे दहा अंक वेगळे काढा: ०९८७६५४३२१. डावीकडे उरले १२३४५६७९०. मधला तुकडा इथे उरतच नाही. बेरीज करा. ११११११११११. दहाच्या दहा एक! आरसा तडकला, पण डेमलो तडकला नाही. अकरा एकांचा वर्ग १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. उजवे अकरा अंक २०९८७६५४३२१, डावे १२३४५६७९०१, बेरीज अकरा दोन. बारा एकांच्या वर्गात बारा तीन येतात. मुलांनी त्या दिवशी सोळापर्यंत नेलं. बेरजेत सोळा वेळा सात आला, तेव्हा साडेआठ वाजून गेले होते आणि पालक खाली उभे होते.

याचं कारण आठवीच्या मुलालाही कळतं, म्हणून इथे देतेच. एक अब्ज म्हणजे ९९९९९९९९९ अधिक एक. आपली सतरा अंकी संख्या म्हणजे डावा तुकडा गुणिले एक अब्ज, अधिक (मधला नऊ धरून) नऊ अंकांचा उजवा तुकडा. म्हणजेच डावा तुकडा गुणिले ९९९९९९९९९, अधिक दोन्ही तुकड्यांची बेरीज. आता मूळ संख्येला १११११११११ ने भाग जातो, कारण ती त्याचाच वर्ग आहे. ९९९९९९९९९ लाही जातो. मग उरलेल्या बेरजेलाही जायलाच हवा. आणि ती बेरीज इतकी लहान असते की १११११११११ च्या पाढ्यातल्या पहिल्या नऊ ओळींपैकीच एक असते: सगळे एक, सगळे दोन, अशी सगळे नऊपर्यंत. एक कितीही वेळा लिहा, हाच युक्तिवाद चालतो. कोशात ही सिद्धता सापडेल असं समजून जाऊ नका. कोश संख्या, सूत्रं, संदर्भ आणि दुवे देतो. सिद्धता आपण घालायची. मला स्वतःला ते आवडतं, कारण पोरांच्या हाताला काम उरतं.

या एकाच संख्येवर कापरेकरांचा आणखी एक शिक्का आहे. तो मला कोशातल्याच दुसऱ्या नोंदीवरून कळला, ए००५३४९. तिथे हर्षद संख्या आहेत. हर्षद म्हणजे हर्ष देणारी, हे संस्कृत नाव कापरेकरांनीच दिलं. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो ती हर्षद. आमच्या संख्येच्या अंकांची बेरीज करा: एकपासून नऊपर्यंत चढायचं आणि परत एकपर्यंत उतरायचं, ८१ होतात. आणि १२३४५६७८९८७६५४३२१ ला ८१ ने भागलं की बाकी शून्य, भागाकार १५२४१५७८९९७१०४१. हा भागाकार पुन्हा १२३४५६७९ चा वर्ग आहे. १२३४५६७९ मध्येही आठ नाही! हे गणित मी एका पावसाळी दुपारी क्लास रिकामा असताना हाताने केलं. भागाकाराचा शेवटचा ८१ खाली उतरला तेव्हा जो आनंद झाला तो कॅल्क्युलेटरने दिला नसता.

मग साहजिकच इतर पायऱ्या तपासल्या. १२१ च्या अंकांची बेरीज ४, भाग जात नाही. १२३२१ ची ९, भाग जातो. १२३४३२१ ची १६, भाग कसा जाणार, संख्या विषम आहे. पाच, सहा, सात, आठ एकांचे वर्गही नापास. पहिल्या नऊ पायऱ्यांत हर्षद फक्त तीन: पहिली, तिसरी आणि नववी. १, ३, ९. नववीनंतरची सत्ताविसावी पायरी बघा, म्हणून मी दहावीच्या मुलांना गृहपाठ दिला आहे, आणि अजून एकानेही "हे परीक्षेला आहे का" असं विचारलेलं नाही.

८१ ची गोष्ट अजून संपत नाही. आपल्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने, म्हणजे ८१ ने, गुणलं तर ९९९९९९९९९ चा वर्ग येतो: ९९९९९९९९८०००००००००१ असं मी घाईत लिहिलं आणि मुलांनी अंक मोजून पकडलं. बरोबर उत्तर अठरा अंकी, ९९९९९९९९८००००००००१. तो मधून कापा. ९९९९९९९९८ आणि १ मिळवा, परत ९९९९९९९९९. वर्ग करायचा, दोन तुकडे करायचे, मिळवायचे, मूळ संख्या परत. अशा संख्यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात. कोशात त्यांचीही नोंद आहे, ए००६८८६. लहानातली ओळखीची म्हणजे ४५: वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५.

एवढं सगळं एका संख्येत, आणि एका ठिकाणी बसून.

कोशाचा स्वतःचा इतिहासही मी पोरांना सांगितला. नील स्लोन हे १९६४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात संशोधन करत असताना त्यांना एक माला अडली. त्यांनी माला जमवायला सुरुवात केली, आधी कार्डांवर. १९७३ मध्ये त्याचं पुस्तक निघालं, त्यात २३७२ माला होत्या. १९९५ मध्ये सिमॉन प्लुफ यांच्याबरोबर मोठं पुस्तक आलं, ते पाच हजारांच्या पुढे गेलं. १९९६ पासून कोश इंटरनेटवर आहे. आता साडेतीन लाखांहून जास्त माला आहेत, आणि देणग्यांवर चालणारी एक प्रतिष्ठान संस्था तो सांभाळते. कुणीही नवी माला पाठवू शकतं, पण ती संपादकांच्या नजरेखालून गेल्यावरच लागते. त्यामुळे इथल्या आकड्यावर मी विश्वास ठेवते, आणि मुलांनाही ठेवायला सांगते.

वापरताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. तीनच संख्या टाकल्या तर भलत्याच मालाही समोर येतात, म्हणून पाच-सहा टाका. आणि प्रत्येक नोंदीला छोटे शिक्के असतात, ते वाचा. 'बेस' असा शिक्का असेल तर त्या मालेची गंमत आपण दहाच्या पद्धतीने संख्या लिहितो यावर अवलंबून आहे. डेमलोची गंमत तशीच आहे. आपण दहाऐवजी सोळा अंकचिन्हं वापरून, म्हणजे सोळाच्या पद्धतीने, लिहीत असतो तर मनोरा पंधरा एकांपर्यंत हातच्याशिवाय चढला असता, आणि आठच्या पद्धतीत सातालाच थांबला असता. हे वाक्य ऐकून आठवीतला तोच मुलगा आठच्या पद्धतीचे पाढे करून घेऊन आला. नोंदीवर मालेचा आलेख बघता येतो, आणि माला सुरांमध्ये ऐकताही येते. लहान भावंडांना ते ऐकणं फार आवडतं.

एक आणखी, कोशाबाहेरचं, पण याच मनोऱ्याचं. कापरेकरांच्या हजारएक वर्षं आधी, नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीर नावाचे जैन गणितज्ञ होऊन गेले. त्यांच्या गणितसारसंग्रहात १२३४५६५४३२१ ही संख्या आहे, एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी, अशा शब्दांत सांगितलेली. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणलं की ती येते. हा गुणाकार बारा अंकी कॅल्क्युलेटरवर मावतो, जरूर करून बघा. ४४१ हा २१ चा वर्ग आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा. २१ गुणिले ५२९१ किती, ते करा म्हणजे सहा एक समोर उभे राहतील.

कोशातल्या नोंदी इंग्रजीत आहेत. आमच्याकडची निम्मी मुलं मराठी माध्यमाची, म्हणून मी पडद्यावरची नोंद मराठीत वाचून दाखवते. सूत्रं सोपी जातात. अडलं ते संख्या वाचताना. सतरा अंकी संख्या मराठीत म्हणायची कशी? कोटीच्या पुढे माझी गाडी अब्ज, खर्वपर्यंत जाते आणि थांबते.

आमचे अप्पा, माझे सासरे, आतल्या खोलीत पेपर वाचत होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. मी विचारलं, "अप्पा, खर्वाच्या पुढे काय हो?" ते पेपर हातात घेऊनच बाहेर आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "अगं, मधून नाही सांगता यायचं. पहिल्यापासून म्हणावं लागेल." मुलांनी फळ्यावर संख्या लिहिली, एकाने उजवीकडून बोट ठेवलं, आणि अप्पांनी सुरुवात केली. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र. बोट एकेक घर डावीकडे. लक्ष, दशलक्ष, कोटी. दशकोटीला बोट बरोबर मधल्या नऊवर आलं आणि मुलं ओरडली. अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य. शेवटचा डावा एक आला तो मध्य या घरात.

"म्हणजे अजून एक घर शिल्लक आहे," अप्पा म्हणाले. "परार्ध. तिथे आमची पाटी संपायची."

मुलाने लगेच खाली दहा एकांचा वर्ग लिहिला, १२३४५६७९००९८७६५४३२१, आणि म्हणाला, "आजोबा, आता ही." अप्पांनी चष्मा पुसला आणि परत एकंपासून सुरुवात केली. या वेळी सगळ्यांनी त्यांच्याबरोबर म्हटलं. परार्धाला बोट दोनवर होतं. डावीकडे एक अंक उरला.

अप्पा फळ्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "तुझ्या त्या कोशात बघ बरं, याच्या पुढच्या घराला काय म्हणतात."